तात्यांचं बोलणं थांबतच नाही. स्वभाव म्हणायचा की डॉक्टरांना दाखवायचं?

पंचगंगाकाठ:
आमचे सासरे, तात्या, वय ७४. इचलकरंजीत धोट्याच्या यंत्रमागांवर जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती बघणारा, म्हणून उभी हयात गेली. माणूस मूळचाच बोलका, पण पूर्वी समोरच्याचंही ऐकून घ्यायचे. सासूबाई गेल्यापासून एकदा तोंडाचा पट्टा सुरू झाला की मध्ये बोलायला फटच मिळत नाही. दूधवाला गाडी बंदही न करता पिशवी ठेवून निघतो. शेजारचे काका तात्या दिसले की आत वळतात. तात्यांना ते कळतं, आणि मला ते बघवत नाही. घरातले आता सरळ 'वाचाळ झालेत' म्हणतात. मला हे मान्य नाही. बोलणं मुद्देसूद असतं, औषधाच्या वेळा, नातवाच्या परीक्षेच्या तारखा सगळं पक्कं लक्षात असतं. एकच गोष्ट खटकते. परवा स्वयंपाकघरातून विचारलं, "तात्या, चहा घेणार?" तर म्हणाले, "सहाला नाही, आठला पाळी सुटायची." आणि पुढे कामाच्या पाळीचीच, शिफ्टची, गोष्ट. हे एकटेपणामुळे असेल का? दाखवायचं तर कोणाला?

मधली_आळी:
ताई, शिक्का मारू नका, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर. २००७ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात विद्यार्थ्यांच्या बोलण्याचा अभ्यास आला होता. मुलगे असोत वा मुली, दिवसाला सरासरी १६,००० शब्दांच्या आसपास. पण कुणी हजाराच्याही आत, तर सर्वांत बोलका ४७,००० वर. कमी-जास्त बोलण्यात माणसामाणसांत इतका फरक असतो. जोडीदार गेला की दिवसभराचं ऐकणारं माणूसच जातं. विरंगुळा केंद्रात नेऊन बघा.

श्रवण_सांगली:
मी कान तपासणीच्या क्षेत्रात आहे. चहाचं 'सहा' झालं, तिथेच मी थांबले. आधी कान तपासा. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. त्यात वर्षं गेली की कानाची उंच पट्टी आधी जाते, आणि च, स, श, फ ही व्यंजनं तिथेच असतात. स्वर ऐकू येतात, म्हणून "मला ऐकू येतं" असं ते मनापासून सांगतात. शब्द मात्र सुटतात. मग समोरचा काय बोलला हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा आपणच बोलत राहणं सोपं जातं, कारण आपला विषय आपल्याला माहीत असतो. असे पेशंट मी नेहमी बघते. फार हुशारीने निभावत असतात, आणि दमतात.
कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. आधी मळ आहे का ते बघतील, मग ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी. घरी टीव्हीचा आवाज आणि पाठमोरं बोलल्यावर मिळणारं उत्तर, दोन्हींकडे लक्ष द्या.

निशिगंध:
एक भर घालते. बोलणं काही दिवसांतच एकदम वाढलं, झोप कमी होऊनही थकवा नाही, पैसे उधळणं, विषयावरून विषयावर उड्या, असं असेल तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नका. स्टिरॉइडच्या गोळ्यांनीही कधीकधी असं होतं. वागणंच बदललं, लाजलज्जा सुटली, तर मेंदूविकारतज्ज्ञ. तुमच्या वर्णनात यातलं काही दिसत नाही.

पंचगंगाकाठ:
झोप, पैसे सगळं नेहमीसारखं. स्टिरॉइड नाही. काल पाठीमागून हळू आवाजात विचारलं, उत्तरच आलं नाही. समोर बसून तेच विचारलं तर थेट उत्तर, आणि नंतर चक्क गप्प बसून माझं ऐकलं! पण कानाच्या यंत्राचं नाव काढलं की "म्हातारा दिसेन" म्हणतात.

श्रवण_सांगली:
यंत्राचा विषय आत्ता काढूच नका, फक्त तपासणीला न्या. यंत्र लागलंच तर घेण्याआधी ट्रायल मागा. पहिले काही दिवस भांड्यांचा, पंख्याचा आवाज टोचतो आणि बरेच जण तिथेच काढून ठेवतात. सुरुवातीला रोज थोडा वेळ, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना घालू द्या. तोवर समोर बसून, चेहरा उजेडात ठेवून बोला. ओरडू नका, ओरडल्याने शब्द अजून फाटतात.

पंचगंगाकाठ:
सोमवारची वेळ घेतली आहे. नातू सोबत जाणार म्हटल्यावर तात्या लगेच तयार झाले.