विकेंद्रित सोशल नेटवर्कवर नवे असताना तुम्ही कुठे ठेचाळलात?

मॅस्टोडॉनवर (ट्विटरसारखंच, पण एका कंपनीचं नाही, वेगवेगळ्या लोकांच्या अनेक सर्व्हरांनी मिळून बनलेलं नेटवर्क) खातं उघडायला बसले आणि पहिल्याच पायरीवर अडले: 'सर्व्हर निवडा'. चार दिवस ती यादी नुसती वर-खाली करत होते. 'अगं, ईमेलसारखंच आहे, सर्व्हर वेगळे असले तरी एकमेकांशी बोलता येतं' हे ऐकून कान किटले होते, पण ईमेलचा पत्ता घेताना तिथली नियमावली कोण वाचतं? इथे वाचावी लागते, कारण सर्व्हर बहुतेकदा एखादा माणूस नाहीतर छोटासा गट चालवतो आणि तिथे काय खपवून घ्यायचं ते तोच ठरवतो. शेवटी प्रत्येक सर्व्हरच्या माहितीच्या पानावर तीन गोष्टी पाहिल्या: नियम साध्या भाषेत आहेत का, ॲडमिनला गाठायचं कसं, आणि त्यांनी कुठले सर्व्हर अडवलेत ते उघड सांगितलंय का. सहा महिने झाले, सर्व्हरच्या बाबतीत पस्तावले नाही. बाकी चुका मात्र भरपूर केल्या.

तुमच्याही लिहा. ज्ञान पाजळू नका, स्वतःचं काय झालं ते सांगा.

रातवा
माझा किस्सा डीएमचा, म्हणजे खाजगी निरोपाचा. गटातल्या एकाबद्दल मैत्रिणीकडे कुरकुर करत होतो. नक्की कोण ते तिला कळावं म्हणून त्याच्या खात्याचा अख्खा पत्ता, पुढच्या ॲटच्या चिन्हासकट, मजकुरात टाकला. दोन मिनिटांत उत्तर आलं. तिचं नाही, त्याचं: 'हे मलाही दिसतंय बरं का.'

मॅस्टोडॉनवर खाजगी निरोप ही साधी पोस्टच असते, फक्त ज्यांचा उल्लेख केलाय तेवढ्यांनाच दिसते. उल्लेख केलात की तो माणूस पंगतीला बसलाच! वर ती एन्क्रिप्टेड नसते, त्यामुळे दोन्हीकडच्या सर्व्हरचे ॲडमिन मनात आणलं तर वाचू शकतात. मी माफी मागितली, त्याने हसण्यावारी नेलं. पण अजून ते वाक्य आठवलं की पांघरुणात तोंड लपवतो. फोन नंबर, घरचा पत्ता असलं काही आता तिथे लिहीत नाही.

उगाचच
'फक्त फॉलोअर्ससाठी' निवडून निर्धास्त होते. फॉलो कोणीही करू शकत होतं. विनंती मंजूर करायचं बटण महिन्याभराने सापडलं.

जुनं दप्तर
माझा सर्व्हर बंद पडला. चालवणाऱ्याने तीन महिने आधी सांगितलं होतं, त्याला दोष नाही. एकट्याने किती दिवस खिशातून भागवायचं? दोष माझा, 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणत राहिलो. शेवटच्या दोन दिवसांत धावाधाव. आधी नव्या खात्यात जुन्या खात्याचा पत्ता नोंदवायचा, मग जुन्या खात्यातून 'स्थलांतर' करायचं. फॉलोअर्स आपोआप मागे येतात. आपण ज्यांना फॉलो करतो त्यांची यादी, ब्लॉक, म्यूट हे मात्र सीएसव्ही फाइलमध्ये (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) उतरवून नव्या ठिकाणी चढवावं लागतं. पोस्टी येत नाहीत. चार वर्षांचं लिखाण तिथेच राहिलं. संग्रह डाउनलोड केलाय, पण तो नुसता जपून ठेवायचा, नव्या खात्यात लावता येत नाही.

उगाचच
@जुनं दप्तर, सर्व्हर एका रात्रीत गायब झाला असता तर?

जुनं दप्तर
तर स्थलांतर झालंच नसतं. त्यासाठी जुना सर्व्हर जिवंत लागतो. सीएसव्ही आधीच घरी असती तर निदान माणसं पुन्हा शोधता आली असती. हल्ली महिन्यातून एकदा उतरवतो.

सावली
ट्विटर विकलं गेल्यावर, 2022च्या नोव्हेंबरात लोंढा आला, त्यात मीही आले. तिसऱ्याच आठवड्यात एका सर्व्हरवरून पाच-सहा खाती माझ्या प्रत्येक पोस्टखाली घाण टाकायला लागली. एकाला ब्लॉक केलं की दुसरं हजर. मी रडकुंडीला येऊन खातं पुसायला निघाले होते. तेव्हा कळलं की अख्खा सर्व्हरच आपल्यापुरता अडवता येतो. तिथल्या कुणाचं काही दिसत नाही आणि तिथले फॉलोअर्सही गळून पडतात. त्यात एक भली बाईही गेली, त्याचं वाईट वाटलं, पण त्या रात्री झोप लागली.

तक्रारही केली. तक्रार करताना 'त्यांच्या सर्व्हरलाही पाठवू का?' असं विचारतं. आपलं नाव न सांगता प्रत जाते म्हणतात, पण ज्या सर्व्हरचा ॲडमिनच त्या टोळक्यातला असेल तिथे पाठवून काय फायदा? मी फक्त आमच्या मॉडरेटरला कळवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो सर्व्हर सगळ्यांसाठीच बंद केला.

किल्लीवाला
मी नॉस्टरवाला, तेही असंच एक विकेंद्रित नेटवर्क. तिकडे सर्व्हर निवडायची भानगड नाही आणि 'पासवर्ड विसरलात?' हेही नाही. दोन किल्ल्या मिळतात. 'एनपब'ने सुरू होणारी जगाला द्यायची, 'एनसेक'ने सुरू होणारी कुणालाच नाही. मी एका चकचकीत वेबसाइटवर दुसरी चिकटवली, 'प्रोफाइल सजवून देतो' म्हणाले म्हणून. आठवड्याभरात माझ्या नावाने कुणीतरी क्रिप्टो नाणी विकत होतं. किल्ली बदलता येत नाही, म्हणजे ती ओळखच सोडून दिली.

सावली
@किल्लीवाला, तोतया मॅस्टोडॉनवरही भेटतो बरं. नाव तेच, सर्व्हर वेगळा, फोटोही तोच. म्हणून पत्त्यातला शेवटच्या ॲटनंतरचा भाग, म्हणजे सर्व्हरचं नाव, वाचते. स्वतःची वेबसाइट असेल तर तिथे प्रोफाइलची लिंक एका खास खुणेसह टाकली की प्रोफाइलवर ती हिरवी दिसते. माणूस खरा कोण ते त्याने कळत नाही. ती साइट त्याच्या हातात आहे एवढंच कळतं.

टिचकी
ब्ल्यूस्कायवर (हेही ट्विटरसारखंच एक नेटवर्क) तुम्ही कुणाला ब्लॉक केलंय हे शोधणाऱ्याला सापडतं. मला त्या व्यक्तीनेच विचारलं, 'काय चुकलं माझं?' सहकारी आहे. तेव्हापासून अशा ठिकाणी म्यूट. ते खाजगी असतं.

रातवा
आणि पुसलेली पोस्ट पुसली गेली असं धरून चालू नका. आपला सर्व्हर बाकीच्यांना 'पुसा' म्हणून निरोप धाडतो, पण ऐकायचं की नाही ते त्यांच्यावर.

धागा काढणारी
वाचता वाचता उठले आणि सीएसव्ही उतरवली. मग टू-फॅक्टरचे (पासवर्डनंतरच्या दुसऱ्या कुलपाचे) रिकव्हरी कोड कुठे ठेवलेत ते पाहिलं. त्याच फोनच्या गॅलरीत, स्क्रीनशॉट! फोन हरवला की कोडही गेले. आता कागद-पेन शोधतेय.