फ्री लेफ्ट आहे तोवर सेकंद वाढवून काय होणार?

पायी रस्ता ओलांडणाऱ्यांना वेळ पुरत नाही, म्हणून सिग्नलचे सेकंद वाढवा, ही सूचना अर्धीच बरोबर आहे. २४ मीटरचा रस्ता सेकंदाला १.२ मीटर चालीने २० सेकंदांत ओलांडता येतो. एखाद्या आजोबांची चाल ०.८ धरली तर ३० लागतात. पण त्या ३० सेकंदांतही फ्री लेफ्टच्या, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडे वळणाऱ्या, गाड्या झेब्र्यावरून सुसाट जातच असतात. खरं दुखणं तिथे आहे. फुटपाथच्या कोपऱ्याच्या वळणाची त्रिज्या १२-१५ मीटर असली की ब्रेकला पाय न लावता वळता येतं. ती ५-६ वर आणा, वेग पडतो आणि ओलांडायचं अंतरही घटतं. आधी नवा कोपरा नुसता रंग आणि प्लॅस्टिकचे खांब लावून आखा आणि महिनाभर बघा. बस अडली तर कोपरा परत रुंद करू नका. ती ज्या रस्त्यात शिरते, तिथली समोरून येणाऱ्या गाड्यांची स्टॉपलाइन (सिग्नलला थांबायची रेघ) ३-४ मीटर मागे घ्या, म्हणजे बसला वळायला जागा मिळते.

खांबांमध्ये १.२ मीटर अंतर ठेवा. ९० सेंटिमीटरच्या आत व्हीलचेअर अडकते, दीड मीटरच्या वर रिक्षा घुसते. (दुचाकी घुसणारच, त्यावर खांब हा इलाज नव्हे.)

सायकलींची स्टॉपलाइन गाड्यांच्या ४-५ मीटर पुढे हवी. ट्रकचालक उजवीकडे बसतो, डाव्या चाकाशी उभा सायकलवाला त्याला दिसतच नाही.