तंतुवाद्यांच्या संकेतस्थळासाठी सांधा न दिसणारी नक्षी कशी करावी?

तंबोरा_मिरज
नमस्कार. मिरजेत आमच्या घरी तीन पिढ्या तंबोरे आणि सतारी तयार होत आहेत. दुकानाचे संकेतस्थळ मी स्वतः करत असून, त्याच्या पार्श्वभूमीला आपल्याच तंबोऱ्याची नक्षी असावी अशी वडिलांची इच्छा आहे. भोपळ्याला तबली (वरची लाकडी फळी) मिळते तिथल्या पांढऱ्या वेलबुट्टीचा मोबाईलवर फोटो काढून मी त्यातून चौकोनी तुकडा कापला. मात्र तो पानभर पसरला की प्रत्येक तुकड्याच्या कडेला रेघ उमटते आणि सारे खिडकीच्या जाळीसारखे दिसते. तयार नमुना घ्यावा की याच फोटोवर मेहनत करावी?

कृष्णाकाठ_सांगली
तयार नमुने हवेच असतील, तर ‘हिरो पॅटर्न्स’ आणि ‘सटल पॅटर्न्स’ हे दोन्ही संग्रह पाहावेत. वापरण्यापूर्वी परवान्याची अट वाचावी, कारण काही ठिकाणी श्रेय देणे बंधनकारक असते. परंतु घरात अशी कला असताना दुसऱ्याची नक्षी घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

आपल्या फोटोत दोन दोष असावेत. एका बाजूने प्रकाश जास्त पडला की डावी कड उजळ आणि उजवी काळपट होते, आणि त्या शेजारी-शेजारी आल्या की रेघ दिसते. दुसरे, भोपळा गोल असल्यामुळे वेल कडेला आकसते. म्हणून फोटोऐवजी वेलीवर बटर पेपर धरून ती पेन्सिलीने उतरवावी, स्कॅन करावी आणि इंकस्केप या रेखाचित्रांच्या मोफत प्रोग्राममध्ये रेषांनी पुन्हा काढावी. एसव्हीजी, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांनी साठवलेल्या चित्राच्या, स्वरूपातली नक्षी कितीही मोठी केली तरी फुटत नाही.

सांधा तपासण्यासाठी तिची ४०० पिक्सेलची चौकोनी प्रत गिंप या चित्र-संपादनाच्या मोफत प्रोग्राममध्ये उघडून ‘ऑफसेट’ (सरकवणे) या आज्ञेने दोन्ही दिशांना २०० पिक्सेल सरकवावी. बाहेर गेलेला भाग समोरच्या बाजूने आत येतो आणि कडा बरोबर मधोमध येतात. तिथे तुटलेले देठ जुळवून पुन्हा एकदा सरकवून पाहावे.

वाईचा_वाचक
वरील सल्ला योग्यच आहे. माझा आग्रह वाचनीयतेचा आहे: साध्या आकाराच्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी उजळ-गडद फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५:१ असावा, आणि तो नक्षीच्या सर्वांत गडद व सर्वांत उजळ अशा दोन्ही ठिकाणी मोजावा. मजकुरामागे सपाट रंगाची पट्टी ठेवून नक्षी फक्त शिरोभागी आणि दोन्ही कडांना दिली, तर अधिक बरे. चित्र साठवताना जेपेग स्वरूप मात्र टाळावे, कारण ते चित्र ८ × ८ पिक्सेलच्या ठोकळ्यांत दाबते आणि जुळवलेली कड पुन्हा बिघडू शकते.

तंबोरा_मिरज
दोघांचेही मनःपूर्वक आभार. वडिलांनीच काल बटर पेपरवर वेल उतरवून दिली, सांधा पूर्ण नाहीसा झाला आहे. आता एकच अडचण उरली आहे: खाली झुकलेले मोठे पान दर ओळीत त्याच उंचीवर येत असल्याने ते पान आडव्या रांगेत मोजता येते.

कृष्णाकाठ_सांगली
यासाठी तुकडा दुप्पट रुंद करावा. डाव्या अर्ध्यात वेल आहे तशी ठेवावी आणि उजव्या अर्ध्यात तीच वेल निम्म्या उंचीने खाली सरकवावी. तळाशी बाहेर जाणारा भाग वरून आत आणावा. मग दोन्ही अर्ध्यांच्या मधला आणि बाहेरच्या कडांचा सांधा पुन्हा तपासावा लागेल, कारण आता पानाच्या शेजारी पान न येता देठ येईल.