मदत हवी आहे: नाव-प्रवाहाच्या गणितात नावेचा वेग गायब कसा होतो?

साधी गणितं जमतात. संथ पाण्यात नावेचा वेग ताशी १० किमी, प्रवाहाचा २, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने १२ आणि विरुद्ध ८. जाऊन-येऊन सरासरी १० नसून ९.६ येते, हेही (बऱ्याच चुकांनंतर) पक्कं झालंय.

अडलंय ते इथे. नाव प्रवाहाविरुद्ध जाताना पुलाखाली चेंडू पाण्यात पडतो. नावाड्याच्या लक्षात येतं १५ मिनिटांनी. तो लगेच वळतो आणि चेंडू पुलापासून १ किमी खाली सापडतो. प्रवाहाचा वेग किती? नावेचा वेग दिलेलाच नाही!

मी नावेचा वेग क्ष, प्रवाहाचा य धरून समीकरण मांडलं. क्ष चक्क कटला, परतीचा वेळही १५ मिनिटंच आला. म्हणजे चेंडू अर्ध्या तासात १ किमी वाहिला, य = ताशी २ किमी. उत्तर बरोबर आहे, पण पटत नाही. परतताना नाव जोरात येते, मग वेळ कमी का लागत नाही? चेंडूही पुढे सरकतो म्हणून का? समीकरणाशिवाय, डोळ्यांसमोर चित्र उभं राहील असं कुणी समजावेल का? आणि नावाडी वळताना ५ मिनिटं थांबला, तर हीच युक्ती चालेल का?