मदत हवी आहे: बांधकामाआधी पाणथळ तुकड्याची हद्द कशी ठरवायची? (कोल्हापूर)

उत्तरेश्वर_पेठ

नमस्कार मंडळी. प्रश्न जमिनीचा आहे, पण भावकीचा नाही. म्हणजे अजून तरी नाही.

कोल्हापुरात रिंगरोडच्या आतल्या बाजूला आमची सामाईक तीन एकर जमीन आहे. आजोबांच्या वेळी ऊस असायचा, आता बरीच वर्षं पड आहे. वरचे दोन एकर खणखणीत कोरडे. खालचा साधारण एकरभर तुकडा ओढ्याला लागून आहे आणि हा ओढा पुढे जयंती नाल्याला मिळतो. या तुकड्यात पावसाळ्यात गुडघाभर पाणी असतं आणि संक्रांतीपर्यंत ट्रॅक्टर घातला तर रुततो. मधे पुरुषभर उंचीचं पाणकणीस, त्याच्या बुडाशी नाळीची भाजी पसरलेली, कडेला बेशरम. जांभळ्या पाणकोंबड्या आणि टिबुकल्या कायमच्या मुक्कामाला. उन्हाळ्यात सगळं सुकून हातभर खोल भेगा पडतात.

आता एक बिल्डर भागीदारीत इमारती बांधायचा प्रस्ताव घेऊन आलेत. धाकट्या चुलत्यांचं मत, "मुरमाचे डंपर ओतले की विषय संपला." मला मात्र करारावर सही करायच्या आधी ओली जमीन नेमकी कुठे संपते हे कागदावर हवं आहे. उद्या तळघरात पाणी आलं किंवा कुणी तक्रार केली तर सातबाऱ्यावर नाव आमचं आहे.

हद्दकायम मोजणी करून घेतली. भूकरमापक आले, खुणा दाखवल्या, 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) मिळाली. तिच्यावर पाण्याचा उल्लेखच नाही. विचारलं तर म्हणाले, "पाणी मोजायला मी आलेलो नाही." सातबाऱ्यावर पोटखराब वर्ग ब मध्ये काही गुंठे आहेत, पण ते शेतात कुठे हे नकाशावर कळत नाही. बिल्डरच्या आर्किटेक्टने उपग्रह चित्रावरून एक निळी रेघ ओढून दिली. चित्र मे महिन्यातलं! मे महिन्यात तर रंकाळासुद्धा अंग चोरून बसतो.

दोन सल्लागारांशी बोललो. एक म्हणतात कंटूर सर्व्हे (जमिनीच्या चढउताराची मोजणी) करा, दुसरे म्हणतात पक्ष्यांची यादी करा. रेघ कुठून जाते हे कुणीच सांगत नाही. पाण्याची कड धरायची, झाडोऱ्याची की मातीची? आणि कधी धरायची? शिवाय दोन भानगडी आहेत. उत्तरेकडच्या कॉलनीचं ड्रेनेजचं पाणी आमच्याकडे झिरपतं. आणि रस्त्याची उंची वाढवली तेव्हा खालची मोरी अर्धी बुजली. मग हा 'खरा' पाणथळ म्हणायचा का?

सातबारा_उतारा

मी भूमी अभिलेखमधून निवृत्त झालोय. भूकरमापकांवर रागावू नका, त्यांचं काम मालकीच्या हद्दीचं. पाण्याची हद्द हा वेगळा विषय, त्यासाठी आमच्याकडे रकानाच नाही.

पण वर्ग ब कडे नीट बघा. पोटखराब अ म्हणजे मोजणीच्या वेळी लागवडीला नालायक ठरलेली जमीन. ती सुधारून आकारणी लावून घेता येते. ब म्हणजे सार्वजनिक वापरातली: रस्ता, पायवाट, स्मशान, किंवा इतर लोक पाणी वापरतात असा ओढा नाहीतर तळं. ब ला आकारणी लावून घ्यायची सोय नाही. म्हणजे जुन्या मोजणीदाराने तिथे वाहतं किंवा साठलेलं पाणी बघितलं असणार. टिपण आणि गुणाकार बुक या जुन्या मोजणीच्या कागदांची नक्कल काढा, त्यात ओढ्याची वळणं मापासकट असतात. गाव नकाशाही घ्या. ओढा तेव्हा कुठे होता आणि आज कुठे आहे याची तुलना करा. रस्त्याच्या कामात ओढे सरकवलेले मी भरपूर पाहिलेत.

गडहिंग्लजकर

भावा, एवढा अभ्यास करण्यापेक्षा वरचे दोन एकर विकून मोकळा हो की. खालच्यात म्हशी डुंबू देत.

तळ्यांच्या_देशी

मी मूळचा इचलकरंजीचा, सध्या मिनेसोटात. इथे बांधकामाआधी पाणथळाची कड आखणं हा रीतसर व्यवसाय आहे, मी तेच करतो. लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

इथली पद्धत अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाच्या १९८७ च्या नियमपुस्तिकेतून आली. तीन गोष्टी बघायच्या: पाण्यात तगणाऱ्या वनस्पतींचं वर्चस्व, हवा न मिळालेली माती आणि पाण्याच्या खुणा. सर्वसाधारण जागी तिन्ही एकत्र सापडल्या तरच पाणथळ. पाण्याचा ढोबळ निकष असा की वाढीच्या हंगामात सलग १४ दिवस तरी पाणी वर साचलेलं किंवा जमिनीखाली एक फुटाच्या आत असावं, आणि असं दहापैकी निदान पाच वर्षं व्हावं. भारतात हा निकष कायद्यात नाही, पण कामाची शिस्त म्हणून उसनी घ्यायला हरकत नाही.

एक फेरफार मात्र करा. जुलैत कोल्हापुरात कुठेही खड्डा घेतला तरी पाणी लागतं, त्यामुळे भर पावसातलं मोजमाप काहीच सिद्ध करत नाही. परतीचा पाऊस थांबल्यावर मोजायला लागा. तुम्ही शेतकरी घरातले आहात, तर चुलत्यांना एवढंच विचारा: ऊस होता तेव्हा कुठल्या सरीपर्यंत वाफसा (औत घालण्याजोगी ओल) वेळेवर यायचा आणि कुठून पुढे यायचाच नाही? त्यांना ते पावलाने माहीत असेल.

मग ओल्या मधल्यापासून कोरड्या टोकाकडे, उताराला धरून, तीन-चार सरळ रेषा टाका. प्रत्येक रेषेवर पाच-सात पावलांवर ऑगरने (माती काढायच्या हातगिरमिटाने) दोन फूट खोल भोक घ्या आणि मातीचा गड्डा अखंड बाहेर काढून हातानेच मोडा, चाकूने कापलात तर रंग फासला जातो. एक फुटाच्या आत राखाडी, निळसर छटा आणि मुळांच्या वाटेने गंजासारख्या तांबूस रेघा दिसल्या तर ती ओली बाजू. फार काळ पाण्याखाली राहिलेली माती कधीकधी नाकालाही कळते, सडलेल्या अंड्यासारखा वास येतो. जिथे एक भोक ओलं आणि पुढचं कोरडं, तिथे त्या दोघांच्या मधे पुन्हा भोकं घ्यायची, अंतर पाऊलभरावर येईपर्यंत. तिथे झेंडी लावा. अशा झेंड्या जोडल्या की तुमची कड.

काळ्या मातीत गोम आहे. ती मुळातच इतकी गडद की राखाडी छटा लपून जाते. आमच्या नियमपुस्तिकांमध्येही ती अवघड मातींत मोडते. तिथे रंगापेक्षा मुळांभोवतीच्या गंजरेघा आणि मोहरीएवढे काळे मँगनीजचे दाणे शोधा. चुनखडीचे पांढरे खडे दिसले म्हणून काही ठरवू नका. आणि काळी माती फुगली की पाणी वरच अडतं, खाली कोरडं राहतं, म्हणून शेजारच्या बोअरची पातळी इथे निरुपयोगी. दोन इंची पीव्हीसी पाईप घ्या, खालच्या भागाला बारीक भोकं पाडा, कापड गुंडाळा, दोन फूटच पुरा, भोवती वाळू भरा आणि तोंडाशी तीच काळी माती चेपून बसवा म्हणजे वरचं पाणी बाजूने उतरणार नाही. वर टोपण. दर आठवड्याला एकाच वारी काठी घालून पातळी लिहा. असे पाईप कडेच्या दोन्ही बाजूंना हवेत.

मोजणीच्या अचूकतेवर पैसे खर्चा. एका टक्क्याच्या उतारावर पातळी १० सेंटीमीटर चुकली तर रेघ १० मीटर सरकते. तुमच्या तुकड्याची रुंदी ६० मीटर धरली तर ते सहा गुंठे झाले. मोबाइलचं जीपीएस मोकळ्या आभाळाखालीही चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं, ते झेंड्यांच्या जागा टिपायला चालणार नाही. डीजीपीएस रोव्हर (सेंटीमीटरपर्यंत अचूक जीपीएस) किंवा टोटल स्टेशन हे मोजणीयंत्रच लावा, आणि 'क' प्रतीवरचे दगड त्याच मोजणीत घ्या, नाहीतर दोन नकाशे एकमेकांवर बसणार नाहीत.

टिबुकली

पक्ष्यांच्या यादीबद्दल: जरूर करा, हळदीकुंकू बदक, वारकरी, कमळपक्षी, शेकाट्या दिसत असतील तर नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, तारखेसकट कायम राहतात. पण पक्ष्यांवरून कड ठरत नाही, ते उडतात. वंचक तर गटारावरही बसतो.

वनस्पतींमध्ये लव्हाळ्यावर भिस्त ठेवू नका, तो उसाच्या वाफ्यातही उगवतो. बेशरमही तशीच, कुंपणाला लावली की कोरड्यातही तगते. पाणकणीस, नाळ, कमळवर्गीय काही असेल तर ते भरवशाचं. कडेच्या पट्ट्यात कोळसुंदा म्हणजे तालिमखाना शोधा. काटेरी, जांभळी फुलं, दिवाळीच्या सुमारास ओळखायला सोपा. आणि ही पाहणी पाणकणीस कुणी जाळायच्या किंवा कापायच्या आत करा.

कलम_आणि_पोटकलम

कायद्याची बाजू थोडक्यात, पण कागदपत्रं घेऊन स्थानिक वकिलांना भेटाच.

पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम २०१७ मधली व्याख्या रुंद आहे: नैसर्गिक वा कृत्रिम, कायम वा तात्पुरतं, साचलेलं वा वाहतं. म्हणून ड्रेनेज झिरपतंय किंवा मोरी बुजलीय, एवढ्यावरून पाणथळपण जात नाही. वगळलंय ते नदीचं पात्र, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेली तळी, आणि मत्स्यशेती, मीठ, करमणूक, सिंचन यांसाठी बांधलेल्या रचना. तुमच्या पीकपाहणीत त्या तुकड्यात कधी भात लागलाय का ते बघा. लागला असेल तर समोरचा माणूस तेच पान पुढे करेल.

मात्र या नियमांतली बंदी रामसर स्थळांना (आंतरराष्ट्रीय करारातल्या पाणथळ जागांना) आणि अधिसूचित जागांना लागू होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये इस्रोच्या नकाशांतल्या २,०१,५०३ पाणथळांना संरक्षण दिलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये नव्या यादीतल्या २,३१,१९५ जागांची प्रत्यक्ष पडताळणी करून हद्दी आखायला राज्यांना सांगितलं. पण त्या याद्या सव्वादोन हेक्टर आणि त्यावरच्या. म्हणजे सुमारे ५ एकर २२ गुंठे. तुमचा एकर त्या चाळणीतून खाली पडतो.

तरी मोकळं रान नाही. बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा जास्त झालं तर पर्यावरण मंजुरी लागते, आणि त्या अर्जात जागेवरचं पाणी, निचरा, भराव सगळं विचारतात. तीन एकरांवर तो आकडा गाठणं अवघड नाही. ओढ्यापासून सोडायचं अंतर एकत्रित विकास नियमावलीत बघा. आणि विकास आराखड्याच्या नकाशावर तुमचा गट पंचगंगेच्या निळ्या आणि लाल पूररेषेच्या कुठल्या बाजूला आहे तेही. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या.

गंमत बघा, २०१७ च्या नियमांत पक्क्या बांधकामासाठी ५० मीटर सोडायचे ते नियम लागू झाल्यापासून मागच्या दहा वर्षांच्या सरासरी उच्च पूरपातळीपासून. म्हणजे २००७ ते २०१७. कोल्हापूरकरांना आठवणारे २००५, २०१९ आणि २०२१ चे तिन्ही महापूर त्या खिडकीच्या बाहेर!

उत्तरेश्वर_पेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पीकपाहणी बघितली, ऊस आणि पड, भात कुठेच नाही. चुलत्यांना वाफशाचं विचारलं. आधी वैतागले, मग स्वतःच चालत गेले आणि शेवग्याच्या बुंध्याशी उभं राहून म्हणाले, "हितनं खाली औत कधी चाललंच नाही." आर्किटेक्टची निळी रेघ तिथून बरीच खाली, पाणकणसाच्या मधोमध आहे.

एक शंका उरते. महापुरात आमच्याकडे पंचगंगेचं पाणी नाल्यातून उलटं चढतं. आमची ओल त्यामुळे की जमिनीची स्वतःची, हे वेगळं कसं दाखवायचं?

तळ्यांच्या_देशी

सोपं आहे. पाईपच्या वहीत एक रकाना वाढवा: त्या दिवशीची पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. ती रोज जाहीर होते. इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. नदी इशाऱ्याच्या बरीच खाली असताना आणि पाऊस थांबून आठवडे झालेले असताना तुमच्या पाईपमध्ये फुटाच्या आत पाणी दिसत असेल तर ते नदीचं नाही. ड्रेनेजसाठी साधं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) घ्या, काही शे रुपयांत मिळतं. कॉलनीच्या बाजूचं, मधलं आणि ओढ्याकडचं पाणी एकाच दिवशी तपासा. आकडा उत्तरेकडून उतरत गेला तर सांडपाणी किती आत पोचतं ते कळेल.

उपग्रहाचा उपयोग इथेच. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातला एक पिक्सेल (ठिपका) १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. तुमचा तुकडा चाळीस ठिपक्यांचा, कड आखायला अगदीच जाड. पण मागच्या वर्षांतल्या डिसेंबर-जानेवारीच्या चित्रांवरून त्या महिन्यांत ओल टिकते हे दाखवता येईल. मोरी बुजायच्या आधीची चित्रं मिळाली तर तीही काढा.

सातबारा_उतारा

आणि ती शेवग्याची जागा मोजणीत घ्या. झाड आज आहे, उद्या नसेल.

उत्तरेश्वर_पेठ

घेतो. ऑगर इथे भाड्याने मिळतो का? माती परीक्षणवाल्यांकडे विचारलं तर त्यांच्याकडे फक्त फावडं निघालं. आणि पाणथळाचं काम केलेले, डीजीपीएस असलेले खासगी सर्व्हेअर कोल्हापूर-सांगली भागात कुणाला माहीत असतील तर विपु (विचारपूस) करा. बिल्डरना दिवाळीनंतर उत्तर द्यायचं ठरलंय. त्यांना सांगितलंय की जानेवारीच्या नोंदी झाल्याशिवाय सही नाही.

टिबुकली

ऑगर माझ्याकडे आहे, सांगलीत. दर शनिवारी कोल्हापूरला येते. विपु बघा.