कंट्रोल टॉवर बघायला मुलांना वर न्यावं का?

विहंगम:
१० ते १४ वयाच्या २० मुलांना विमानतळाचा टॉवर बघायचा आहे. त्यांना कॅबमध्ये, म्हणजे काचेच्या वरच्या खोलीत न्यावं, की खालूनच परत पाठवावं? २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर एका कंट्रोलरचा, म्हणजे टॉवरमधून विमानांना सूचना देणाऱ्याचा मुलगा रेडिओवर वैमानिकांशी बोलला आणि अमेरिकेत अनौपचारिक भेटी थांबवल्या गेल्या. त्या दिवशी अपघात काही झाला नव्हता. मग भीती नेमकी कशाची?

रीडबॅक:
न्यावं, पण माईकजवळ नाही. केनेडीला मुलगा वडिलांनी सांगितलेलंच बोलत होता. पण सूचना देणं हे निम्मंच काम असतं. वैमानिक ती परत म्हणून दाखवतो (हाच रीडबॅक), त्यातली चूक पकडणं हे उरलेलं निम्मं, आणि ते मुलाला जमणार नाही.

दुसरं म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोघांनी एकदम बटण दाबलं की नुसती शिट्टी ऐकू येते. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरीफ बेटावर टॉवरचं 'थांबा' आणि दुसऱ्या विमानाचं 'आम्ही अजून धावपट्टीवर आहोत' हे एकाच क्षणी बोललं गेलं आणि एकमेकांत बुडालं. धावपट्टीवर दोन विमानं आदळली, ५८३ माणसं गेली. बऱ्याच टॉवरमध्ये बोलण्याचं पेडल टेबलाखाली असतं. पुढे वाकून बघणाऱ्या मुलाचा पाय नेमका त्यावर पडतो.

धावपट्टी०९:
माईक दूर ठेवला की झालं, हे मला पटत नाही. १ फेब्रुवारी १९९१, लॉस एंजेलिस. कंट्रोलरने एका छोट्या विमानाला धावपट्टीवर उभं केलं. मग दुसरं एक विमान हाकेला उत्तर देत नव्हतं, त्यात तिचं लक्ष गुंतलं आणि उभं केलेलं विमान डोक्यातून गेलं. त्याच धावपट्टीवर बोइंग ७३७ ला उतरायची परवानगी दिली गेली. ३५ मृत्यू. तिथे कुणीही पाहुणा नव्हता, तरीही हे झालं. मुलं प्रश्न विचारतात ते बाहेर काही घडत असताना, म्हणजे नेमकं काम चढलेलं असताना. २० मुलं कॅबमध्ये? अजिबात नाही.

स्ट्रिपबोर्ड:
दोघांचं खरं आहे, म्हणून भेटीची आखणीच तशी करावी. एका वेळी ४ मुलं आणि १ मोठं माणूस, १० मिनिटं. विमानांची गर्दी ओसरल्यावर. ड्यूटी बदलताना आणि नंतरची १५ मिनिटं तर मुळीच नाही, कारण नव्याने बसलेल्या माणसाच्या डोक्यात चित्र अजून पूर्ण उभं राहिलेलं नसतं. माहिती सांगणारा कंट्रोलर ड्यूटीवर नसलेलाच हवा. मुलांनी टेबलांच्या मागच्या भिंतीला टेकून उभं राहायचं. दप्तरं, पाण्याच्या बाटल्या खाली. पाणी पॅनेलवर सांडतं आणि दप्तराचा पट्टा धावपट्टीच्या दिव्यांच्या बटणात अडकतो.

ऐकवायचं असेल तर बोलण्याचं बटण नसलेला हेडसेट द्या. प्रशिक्षकाच्या जॅकला (त्याचा हेडसेट जोडायच्या जागी) मात्र कधीच जोडू नका, तिथून बोललेलं शिकाऊ कंट्रोलरच्या आवाजावर मात करतं.

सिग्नलचा दिवा, म्हणजे रंगीत प्रकाशाने विमानांना सूचना देणारा दिवा, मुलांना फार आवडतो. तो खालच्या मजल्यावर भिंतीवर मारून दाखवा, काचेतून कधीही नाही. हवेतल्या वैमानिकाला लुकलुकता लाल म्हणजे 'विमानतळ असुरक्षित, उतरू नका'.

लिफ्ट बहुधा कॅबपर्यंत जात नाही, शेवटचा जिना अरुंद आणि चढा असतो. बाहेर पडायची वाटही तीच. कुणाला चढता येत नसेल तर आधी विचारून ठेवा. सुपरवायझर 'खाली' म्हणाला की न बोलता उतरायचं, हे वर नेण्याआधीच सांगा.

उरलेल्या १६ जणांसाठी खाली जमिनीवर चिकटपट्टीची धावपट्टी आखा. एक कंट्रोलर, बाकीचे विमानं. रीडबॅक चुकला की विमान जागेवरच थांबतं. कॅबपेक्षा मुलं इथे जास्त शिकतात, हे माझं ठाम मत आहे.

विहंगम:
आणि त्या ४ जणांत एखाद्या कंट्रोलरचंच मूल असेल तर?

धावपट्टी०९:
मग त्या १० मिनिटांसाठी ती जागा दुसऱ्याने सांभाळायची. परकं मूल अडखळलं तर कंट्रोलरचे डोळे धावपट्टीवरच राहतील, स्वतःचं अडखळलं तर मान वळणारच.