मदत हवी आहे: दोन ११५ एचपी इंजिनांची बोट, पंखा १९ पिचचा ठेवू की १७ चा घेऊ?

किनाऱ्यावरचा:

नमस्कार मंडळी. मालवणात माझी पर्यटकांची बोट आहे. २६ फुटी, फायबरची, मागे दोन ११५ हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक आउटबोर्ड. इंजिनं घेतली तेव्हा विक्रेत्याने १३ इंच व्यासाचे, १९ पिचचे, तीन पात्यांचे अ‍ॅल्युमिनियमचे पंखे (प्रोपेलर) बसवून दिले. "सगळ्यांना हेच देतो" म्हणाला. इंजिनांचे पैसे मोजून झाल्यावर पंख्याचं कोण विचारत बसतो, मीही बसलो नाही.

आता त्रास असा. मी आणि खलाशी दोघेच असलो तर फुल थ्रॉटलला ५४०० आरपीएम मिळतात, जीपीएसवर ३३ नॉट. पण १४ पर्यटक, आम्ही दोघे आणि भरलेली टाकी घेऊन निवतीकडे निघालो की काटा ४८०० वर अडकतो. वेग २६ नॉट. तोही उशिरा, कारण बोट पाण्यावर उठायलाच १४ सेकंद घेते. तोवर नाळ (बोटीचं पुढचं टोक) आभाळात आणि मागच्या बाकावरचे पर्यटक एकमेकांच्या मांडीवर. मॅन्युअलमध्ये फुल थ्रॉटलची मर्यादा ५००० ते ६००० दिली आहे, गिअर रेशो २.१५ (इंजिनाच्या २.१५ फेऱ्यांना पंख्याची एक).

शिवाय डावं इंजिन उजव्यापेक्षा साधारण १५० आरपीएम कमी फिरतं. डावीकडे जोरात वळवलं की उजवं इंजिन एकदम किंचाळतं. दोन्ही इंजिनं उजव्या फिरतीची आहेत, म्हणजे उलट फिरणारी जोडी नाही.

१७ पिच घ्यावा की १५? चार पात्यांचा की स्टीलचा? जेट्टीवर दहा जणांना विचारलं तर अकरा उत्तरं मिळाली. जाणकारांनी कृपया सांगावं.

सागरगोटा:

पंखो बदलूच्या आदी बोट वर ओढून बूड बघ रे. शेवाळ आणि बारीक शिंपला धरला असात तर कितीय पंखे बदललंस तरी काय उपयोग नाय. माका हो शहाणपणा दोन पंखे इकत घेतल्यार इलो.

नटबोल्ट:

सागरगोटा यांच्याशी सहमत, तरी आकडे दिलेत म्हणून हिशेब मांडतो. (वीस वर्षं आखातात वर्क-बोटींवर काढली, हीच रोजची भाकरी.)

पंखा घट्ट मातीतून गेला असता तर एका फेऱ्यात जितके इंच पुढे सरकला असता, तो पिच. आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर रेशो, भागिले १२१५, की कागदावरचा वेग नॉटमध्ये मिळतो. तुमचे ४८०० गुणिले १९, भागिले २.१५, भागिले १२१५ म्हणजे जवळपास ३५ नॉट. प्रत्यक्षात २६. म्हणजे घसर (कागदावरच्या वेगातला वाया गेलेला भाग) २५ टक्क्यांच्या वर. रिकाम्या बोटीचे ३९ यायला हवेत, आले ३३, म्हणजे घसर १६ टक्के. अशा बोटीला १० ते २० टक्के घसर चालते. भरल्यावर तुमची इंजिनं अक्षरशः चढावर चौथ्या गिअरमध्ये चालली आहेत. आवाज कमी येतो म्हणून माणसाला वाटतं इंजिन आरामात आहे. उलट आहे. कमी आरपीएमला थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवणं हे जास्त आरपीएमपेक्षा इंजिनाला वाईट.

पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. १७ घेतला तर भरलेली बोट ५१००–५२०० ला जाईल, मर्यादेत येईल पण तळाशीच. १५ घेतला तर ५४००–५६००. पंखा नेहमीच्या वजनावर निवडायचा, आणि तुमचं नेहमीचं वजन १६ माणसं आहे. माझं मत १५.

रिकामी बोट मग ६००० ओलांडेल हे खरं. तेव्हा थ्रॉटल थोडा मागे घ्या, बस. रिकामी बोट पूर्ण वेगात पळवून पैसे कोण देणार आहे?

पण पैसे टाकायच्या आधी दोन्ही पंखे काढा. १५० चा फरक पिचमुळे नाही, पंखे सारखेच आहेत. एखादं पातं वाकलं असेल, नाहीतर हबमधलं (पंख्याच्या मधल्या तुंब्यातलं) रबर घसरत असेल. रबराची परीक्षा सोपी: आतल्या हबपासून बाहेरच्या कड्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा, एक फेरी मारून या. रेघ तुटलेली दिसली की रबर गेलं.

चांदणी_८२:

वाचतेय. आमच्या अलिबागच्या बोटीलाही असंच होतं. स्टीलचा पंखा घेतला तर वेग वाढतो असं ऐकलंय, खरं का?

नटबोल्ट:

चांदणीताई, खरं आहे. पातं पातळ असतं आणि जोर पडला की वाकत नाही. पण मालवणसारख्या ठिकाणी पाण्याखाली खडक कुठे आणि वाळू कुठे, ओहोटीला कळतं. अ‍ॅल्युमिनियमचं पातं स्वतः मोडतं आणि खालचा गिअर वाचवतं. स्टीलचं पातं मोडत नाही, तो मार आत जातो. किल्ल्याच्या आसपास फिरणाऱ्याला मी स्टील सुचवणार नाही. चार पात्यांचा पंखा पाणी चांगलं धरतो, वळणावर हवा कमी खातो, पण त्याच पिचला आरपीएम थोडे खाली येतात. आधीच आरपीएम कमी असलेल्याने १९ च्या जागी १९ चाच चार पात्यांचा घेऊ नये.

वळणावरच्या किंचाळण्याबद्दल. दोन इंजिनं मधल्या रेषेपासून बाजूला बसतात, तिथे बोटीचं बूड मुळातच वर असतं. डावीकडे वळताना बोट डावीकडे कलते, उजवं इंजिन वर उचललं जातं आणि पंखा हवा ओढतो. पंख्याच्या वर असलेल्या इंजिनाच्या आडव्या पट्टीची उंची बघा, इंजिन एक भोक खाली घेऊन पाहा. आणि वळायच्या आधी ट्रिम (इंजिनाचा कल) आत घ्यायची सवय लावा.

दोन्ही उजव्या फिरतीची आहेत ते राहू दे. सुकाणू थोडं एका बाजूला ओढत असेल, पण फायदा हा की एकच जादा पंखा दोन्हीकडे चालतो. फक्त कुणी स्वस्तात 'डावा' (डाव्या फिरतीचा) पंखा देतो म्हणाला तर घेऊ नका. नेहमीच्या इंजिनावर तो लावलात आणि गिअर पुढे टाकलात तर बोट उलटी मागे जाऊन जेट्टीत शिरेल.

किनाऱ्यावरचा:

नटबोल्ट काका, खूप आभार. आज रविवारचं बुकिंग सोडून बोट वर ओढली. सागरगोटा, तुझा शब्द खरा. बुडाला मागच्या बाजूस वीतभर पट्ट्यात खरखरीत थर होता, पत्र्याने घासून काढला.

खरी गंमत डाव्या पंख्याच्या मागे. पिन काढली, नट सोडला, पंखा ओढला तर शाफ्टवर तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) गुंडाळलेलं, इतकं घट्ट की वितळून कड्यासारखं झालेलं. सुरीने तुकडे करत काढलं. खालचा स्क्रू सैल करून गिअर ऑइल पाहिलं तर चहाच्या रंगाचं, दुधाळ. ऑइल सील कापलं गेलंय, पाणी आत चाललंय. मेकॅनिक म्हणाला, अजून महिनाभर चालवली असती तर गिअरच बदलावे लागले असते.

पंखा घरी लादीवर उपडा ठेवून तिन्ही पात्यांची उंची पट्टीने मोजली. एका पात्याचं टोक बाकी दोघांपेक्षा ४ मिलिमीटर वर. बहुतेक देवबागच्या संगमावर वाळू लागली होती तेव्हाचं. हबची रेघ मात्र दोन्हीकडे सरळ आहे.

नटबोल्ट:

सील आधी बदला, पंख्याचं नंतर. चाचणी घेताना खरं वजन घ्या: माणसं नसतील तर पाण्याची पिंपं ठेवा. सकाळी वारा पडलेला असताना एकदा प्रवाहासोबत, एकदा प्रवाहाविरुद्ध जा आणि सरासरी काढा. शक्य असेल तर पंखे उसने मागा.

किनाऱ्यावरचा:

आठ दिवसांनी लिहितोय. सील झालं. एका मित्राकडून १५ पिचची जोडी दोन दिवसांसाठी आणली. १४ माणसं (अर्धे भाचे-पुतणे, फुकट फेरीला कोण नाही म्हणतं), टाकी भरलेली. ५५०० आरपीएम, दोन्ही इंजिनं बरोबर. वेग जवळजवळ तोच, साडेसव्वीस. पण बोट आठ सेकंदांत उठते! वीस नॉटला चालवताना इंजिन ओढल्यासारखं वाटत नाही. रिकामी असताना काटा ६१०० कडे जातो, तेव्हा हात आखडता घेतो. इंजिनं एक भोक खाली घेतल्यावर वळणावरचं किंचाळणंही बरंच कमी झालं. पेट्रोलचा हिशेब पूर्ण महिना चालवून सांगेन.

१५ ची जोडी मागवली. शेवटचा प्रश्न: डाव्याचा १९ वाकलाय, उजव्याचा चांगला आहे. तो जादा म्हणून बोटीत ठेवू का?

नटबोल्ट:

जादा ठेवायचा तर १५ चाच ठेवा, सोबत वॉशर, नट, दोन-तीन पिना आणि पाना. एकीकडे १५, एकीकडे १९ लावून धंदा करू नका, दोन्ही इंजिनं एकमेकांशी भांडतील. निवतीहून हळूहळू जेट्टी गाठण्यापुरता १९ चालेल. आणि कधी एकाच इंजिनावर परत यायची वेळ आली तर बोट उठवायचा हट्ट नको, सहा-सात नॉटने या. सगळं वजन एकट्या इंजिनावर असतं, तेव्हा १५ चा पंखाही त्याला जडच.

सागरगोटा:

तो १९ चो माका दी. माझी बोट हलकी आसा.